हुमणीचं औषध विचारण्याआधी कॅलेंडर बघा: लॉन, परसबाग आणि उसासाठी सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की कराडजवळ नदीच्या बाजूला साधारण साडेतीन एकर जागा आहे, घरापुढे दोन गुंठे लॉन, मागे परसबाग आणि कंपोस्टचा खड्डा, बाकी सगळा ऊस आणि त्यातला खालचा तुकडा खोडव्याचा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुंध्यातून परत फुटलेला. ऑगस्टपासून लॉन ठिकठिकाणी पिवळं पडत गेलं, आता सप्टेंबरात खालच्या तुकड्यातली उसाची बेटं सुकायला लागली, दुकानातून दाणेदार औषध आणून दोनदा फेकलं तरी फरक नाही, आणि कंपोस्ट उकरलं तर तिथेही पांढऱ्या अळ्या. आता कुठलं औषध मारू?

औषधाचं नाव सांगतो, पण जरा खाली. कारण हुमणीच्या, म्हणजे भुंगेऱ्याच्या मुळं खाणाऱ्या पांढऱ्या अळीच्या बाबतीत कुठलं औषध यापेक्षा कधी हे दहापट महत्त्वाचं आहे, आणि लोकांचे सगळ्यात जास्त पैसे याच एका गोष्टीत जातात. आपल्याला नुकसान दिसतं ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणून आपण तेव्हा धावपळ करतो. पण तोपर्यंत अळी मोठी झालेली असते, जाड कातडीची, मुळांच्या खाली जाऊन बसलेली, आणि वरून टाकलेलं काहीही तिच्यापर्यंत धड पोहोचत नाही, पोहोचलं तरी लहान अळी जेवढ्यात मरते तेवढ्यात ही मरत नाही. तुमचं दाणेदार औषध फेल गेलं त्याचं मुख्य कारण हेच असणार.

म्हणून आधी हिचं वर्ष कसं जातं ते नीट समजून घ्या. आपल्याकडच्या हुमणीची वर्षाला एकच पिढी होते. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला, जमीन ओली झाली, की मे अखेर ते जूनमध्ये, कधी एप्रिलच्या वळवानंतरसुद्धा, जमिनीत दबून बसलेले भुंगेरे संध्याकाळी अंधार पडता पडता बाहेर येतात, साधारण सव्वासात ते आठच्या दरम्यान. मिलन होतं, झाडांचा पाला खातात आणि पहाटेच्या आत परत मातीत जातात. मादी जमिनीत साधारण चार इंच खोलीवर एकेक करून अंडी घालते, एका मादीची पन्नास-साठ अंडी सहज होतात. पंधरा दिवसांच्या आसपास अंडी फुटतात. पहिल्या अवस्थेतली अळी बारीक असते आणि जास्त करून कुजलेला पालापाचोळा, बारीक मुळ्या खाते, तेव्हा तुम्हाला वरती काहीच दिसत नाही. दुसरी अवस्था जुलै-ऑगस्टची. तिसरी अवस्था ऑगस्टच्या मध्यापासून पुढे, हीच ती जाडजूड, तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकडी अळी जी तुम्ही फोटोत दाखवलीत, आणि मुळं कुरतडायचं खरं काम हीच करते. नंतर थंडीच्या दिवसांत ती खोल जाते, मातीचं घर करून कोष करते, कोषातून भुंगेरा तयार होतो पण तो बाहेर येत नाही, पुढच्या वळवाची वाट बघत तसाच आत बसून राहतो.

या वर्षभरात तिला गाठायच्या जागा दोनच आहेत, एक म्हणजे भुंगेरे बाहेर असतात ते तीन-चार आठवडे आणि दुसरी म्हणजे अळी लहान असते तो जूनचा शेवट ते ऑगस्टचा पहिला पंधरवडा. बाकीच्या वेळी जे करतो ते नुकसान थोपवायचं काम, कंट्रोल नाही.

तुमची जागा नदीकाठची असल्यामुळे अजून एक गोष्ट बघावी लागेल. पश्चिम महाराष्ट्रात मुख्य त्रास दोन जातींचा आहे. माळावर, हलक्या-मध्यम रानात सापडते ती होलोट्रॅकिया सेरेटा. नदीकाठच्या भारी रानात, सांगली-कोल्हापूर-कराड पट्ट्यात जास्त सापडते ती ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. होलोट्रॅकियाचा भुंगेरा साधारण दोन सेंटिमीटरचा, गडद तांबूस तपकिरी. ल्युकोफोलिसचा त्याहून मोठा आणि अंगावर बारीक खवले असल्यामुळे जरा फिकट, राखाडी झाक असलेला दिसतो. होलोट्रॅकियाचे भुंगेरे कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर थव्याने येऊन पाला खातात आणि दिव्याकडेही येतात, त्यामुळे झाडं हलवून गोळा करणं आणि प्रकाश सापळा दोन्ही कामाला येतं. ल्युकोफोलिसचे भुंगेरे संध्याकाळी थोडाच वेळ बाहेर निघतात, झाडांवर तसे जमत नाहीत आणि दिव्याकडेही तेवढे ओढले जात नाहीत. नदीकाठचे बरेच शेतकरी म्हणतात आम्ही सापळा लावला, काही सापडलं नाही, म्हणजे आमच्याकडे भुंगेरेच नाहीत. तसं नसतं. तिथे बॅटरी घेऊन त्या अर्ध्या-पाऊण तासात रानात, बांधाच्या गवतावर, उसाच्या पानांवर फिरून हातानेच गोळा करावे लागतात. तेव्हा पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर दोन-तीन संध्याकाळी रानात उभं राहून तुमच्याकडे कुठला येतो ते बघा आणि मगच सापळ्यावर खर्च करा.

आता खड्ड्यातल्या अळ्यांबद्दल, कारण इथे उगाच घाबरून चांगलं खत फेकून देणारे लोक मी नेहमी बघतो. कंपोस्टमधली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. दोन-चार अळ्या काढून सपाट फरशीवर किंवा पत्र्यावर ठेवा आणि मिनिटभर बघत बसा. जी अळी उलटी होऊन चक्क पाठीवर सरपटत पुढे जाते ती फुलभुंग्यांच्या गटातली, तिला जिवंत मुळं नको असतात, ती कुजकं खाऊन तुमचं कंपोस्टच बारीक करून देते, तिला परत खड्ड्यात सोडा. जी एका कुशीवर वाकडी पडून राहते किंवा पायांनी माती उकरून आत घुसायला बघते तिच्यावर संशय घ्या. आणि अंगठ्याएवढी जाड अळी शेणखताच्या उकिरड्यात सापडली तर ती बहुतेक गेंड्या भुंग्याची असते, तो नारळाचा शत्रू, कोकण-गोव्यात तर घरोघरी ओळखीचा. तुमच्या परसात नारळ असतील तर ह्या अळ्या नक्की वेचून मारा, लॉनचा किंवा उसाचा तिच्याशी संबंध नाही.

हुमणी खतातून शेतात येते ती मुख्यतः अर्धवट कुजलेल्या शेणखतातून. भुंगेऱ्याला अंडी घालायला ओलसर, कुजणारी जागा आवडते, आणि उकिरडा जूनमध्ये उघडा असला की त्यात अंडी, अळ्या सगळंच असतं आणि ट्रॉली भरून आपणच ते रानात पसरतो. म्हणून खत पूर्ण कुजलेलं हवं, पावसाळ्याच्या तोंडाला ढीग झाकलेला हवा, आणि पसरताना जाड चाळणीतून किंवा निदान फावड्याने पसरून अळ्या वेचलेल्या हव्यात. कोंबड्या असतील तर ढीग पसरल्यावर तासभर सोडून द्या, त्या एकही ठेवत नाहीत.

लॉनचं सांगतो. पिवळं पडलं म्हणजे हुमणीच असं नाही, पाणी कमी पडणं, बुरशी, वाळवी, कुत्र्याची लघवी, कशानेही पिवळे पट्टे येतात. पिवळ्या भागात नाही तर पिवळा आणि हिरवा भाग जिथे भेटतो तिथे फूटभर लांब-रुंद चौकोन तीन बाजूंनी कुदळीने कापा आणि गवत उलटवून दोन-तीन इंच माती चाळा. पूर्ण पिवळ्या भागातली मुळं संपलेली असतात म्हणून अळी तिथून सरकलेली असते, लोक नेमके तिथेच उकरतात आणि काही नाही म्हणतात. अशा चार-पाच जागी बघा. चौरस फुटाला एखाद-दुसरी अळी असेल तर चांगलं खत-पाणी असलेलं लॉन ते सोसतं, काही करू नका. पाच-सहाच्या वर गेली आणि हाताने ओढल्यावर गवत मुळांशिवाय गालिच्यासारखं उचललं जात असेल तर मग कामाला लागा. अजून एक खूण म्हणजे कावळे, साळुंक्या, बगळे सकाळी लॉनमध्ये चोची मारत फिरणं, किंवा रात्रीतून डुकरांनी किंवा मुंगसाने उकरून ठेवणं, ते तुमच्या आधी अळी शोधतात.

तुमचं लॉन दोन गुंठ्यांचं आहे, म्हणजे 2,200 चौरस फुटांच्या आत. एवढ्या जागेसाठी सप्टेंबरात मी विषारी औषध सांगणारच नाही, विशेषतः घरात लहान मुलं आणि कुत्रा आहे असं तुम्ही लिहिलंय म्हणून. दोन माणसं लावा, पिवळ्या पट्ट्यांच्या कडेचं गवत सुटतंय तिथे ते गुंडाळून बाजूला घ्या, खालची दोन-तीन इंच माती हाताने उकरून अळ्या वेचा, रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका किंवा कोंबड्यांना घाला, मातीत बारीक चाळलेलं कुजकं खत मिसळा, गवत परत अंथरून पायाने दाबा आणि पुढचे पंधरा दिवस हलकं पाणी रोज. गवत मेलं असेल तिथे नवीन तुकडे लावा. एका दिवसाचं काम आहे आणि कुठल्याही बाटलीपेक्षा खात्रीचं आहे.

त्याच्या जोडीला ईपीएन वापरा, म्हणजे किडीला मारणारे सूत्रकृमी. हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका ही आपल्याकडची जात आहे, बंगळुरूच्या एनबीएआयआर या संस्थेने तिची पावडर स्वरूपातली उत्पादनं विकसित केलीयत आणि ती काही कंपन्यांकडून बाजारात मिळतात. हे डोळ्याला न दिसणारे सूत्रकृमी मातीतल्या ओलाव्यातून अळी शोधत जातात, तिच्या शरीरात शिरतात आणि सोबत आणलेले जिवाणू आत सोडतात, अळी काही दिवसांत मरते आणि विटकरी-लालसर रंगाची होते, तसा रंग दिसला की समजा काम झालं. पण हे जिवंत आहेत हे विसरू नका. गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवलेलं पाकीट मेलेलंच असतं. ऊन उतरल्यावर संध्याकाळी, आधी लॉन भिजवून, पंपाची बारीक जाळी काढून, झारीने टाकलं तर सगळ्यात चांगलं, आणि टाकल्यावर परत पाणी. पुढे आठवडाभर माती ओलसर राहिली पाहिजे. मात्रा पाकिटावर लिहिलेलीच घ्या, प्रत्येकाची ताकद वेगळी असते.

मेटारायझियम बुरशीचं पण हेच. ती हुमणीवर खरंच चालते, पण लोक तिच्याकडून रासायनिक औषधासारखी अपेक्षा करतात आणि चार दिवसांत निराश होतात. बुरशीचा बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतो, उगवतो, आत शिरतो, मग अळी मरते, आधी कडक होऊन पांढरी दिसते आणि नंतर तिच्यावर हिरवी भुकटी येते. याला दोन-तीन आठवडे लागतात, आणि ओलावा लागतो. म्हणून ती जून-जुलैमध्ये टाकायची, वाफसा असताना म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही तेव्हा, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून. उसासाठी शिफारस हेक्टरी 20 किलोची आहे, म्हणजे एकरी 8 किलो, गुंठ्याला 200 ग्रॅम, तुमच्या लॉनला अर्धा किलो भरपूर झालं. खतात मिसळून आठवडाभर सावलीत गोणपाटाखाली ओलसर ठेवली तर बुरशी खतात वाढते आणि मग पसरली तर जास्त चांगली. मे महिन्याच्या तापलेल्या मातीवर टाकून उपयोग नाही, उन्हाने मरते. त्याच आठवड्यात बुरशीनाशकाची आळवणी करू नका, म्हणजे ते पाण्यात मिसळून मुळाशी ओतू नका, नाहीतर एका हाताने टाकून दुसऱ्या हाताने मारल्यासारखं होतं. मांजरीची व्हीएसआय (वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट), कृषी विद्यापीठं, काही साखर कारखान्यांच्या लॅब इथे जैविक माल मिळतो, तयार केल्याची तारीख बघून ताजा घ्या.

ऑनलाइन परदेशातलं मिल्की स्पोअर नावाचं पावडरचं डबं बघून ते मागवू का असंही तुम्ही विचारलंय. नको. तो जिवाणू अमेरिकेतल्या जपानी भुंग्यासाठी आहे, आपल्या हुमणीसाठी त्याच्यावर पैसे घालू नका. हा जपानी भुंगा 1916 साली न्यू जर्सीत रिव्हर्टनजवळच्या एका नर्सरीत पहिल्यांदा सापडला आणि आज तिकडे लॉनचा मोठा शत्रू आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारी आपली माणसंही मला हाच प्रश्न विचारतात, तर त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की तिथे दुकानात मिळणारे वासाचे पिशवी सापळे लॉनच्या किंवा गुलाबाच्या शेजारी लावू नका, ते पकडतात त्यापेक्षा जास्त भुंगे परिसरातून ओढून आणतात.

आणि हाच नियम आपल्याकडच्या दिव्यांना लागू आहे. फार्महाऊसवर लॉनच्या कडेने मोठाले पांढरे फ्लडलाइट लावलेले असतात. पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी ते चालू ठेवले की माळावरचे भुंगेरे थेट लॉनवर उतरतात आणि मादी तिथेच मातीत शिरते. मे अखेर ते जून अखेर संध्याकाळी सात ते नऊ लॉनवरचे दिवे बंद ठेवा, गेटपाशी लागतोच तर कमी उजेडाचा पिवळा ठेवा. दिवा लावायचाच असेल तर सापळा म्हणून लावा, लॉनपासून आणि उसापासून लांब, मोकळ्या जागेत, खाली घमेल्यात पाणी आणि त्यात थोडं रॉकेल. नऊनंतर बंद करा, रात्रभर चालू ठेवलात तर भुंगेरे कमी आणि बाकीचे निरुपद्रवी कीटक जास्त मरतात. दुसरी गोष्ट म्हणजे जूनमध्ये पाऊस ओढ देतो तेव्हा लॉनला रोज पाणी घालायची सवय. आजूबाजूचं सगळं रान कोरडं आणि ओलावा फक्त तुमच्या लॉनमध्ये, मग मादी अंडी घालायला दुसरीकडे कशाला जाईल? त्या तीन आठवड्यांत पाणी कमी वेळा पण खोल द्या, वरचा थर मध्ये सुकू द्या. गवत दीड-दोन इंचाच्या खाली कापू नका, मुळं खोल असली की चार अळ्या सोसतात. नवीन लॉन कार्पेट विकत आणताना प्रत्येक गठ्ठ्याची खालची माती उलटून बघा, नर्सरीच्या मातीतून अळी घरात येते.

आता उसाकडे येऊ, कारण खरा पैसा तिथे अडकलाय.

खालच्या तुकड्यात आज काय करायचं तर सुकलेली बेटं मोजत बसू नका, जी बेटं आत्ता पिवळी पडायला लागलीयत त्यांच्याकडे जा. पूर्ण वाळलेल्या बेटाखालची अळी शेजारच्या बेटाकडे सरकलेली असते. पिवळं पडणारं बेट हलवून बघा, मुळं खाल्लेली असतील तर ते सहज हलतं, उपटूनही येतं. तिथे कुदळ मारून बुंध्याची माती उकरा, अळ्या वेचून मारा. कारखान्याच्या शेती विभागातल्या माणसाला बोलावून प्रादुर्भाव दाखवून ठेवा, म्हणजे तो तुकडा लवकर तोडायला घेता येतो का ते बोलता येईल.

पाणी मुबलक असेल आणि जमीन सपाट असेल तर बाधित भागात सऱ्या भरून पाणी तुंबवून ठेवणं हा जुना आणि चांगला उपाय आहे. माती पूर्ण भरली की अळीला हवा मिळत नाही, काही मरतात, बऱ्याच वरती येतात आणि पक्षी उचलतात. सगळ्या रानात नका करू, फक्त तेवढ्या पट्ट्यात, आणि भारी रानात दोन-तीन दिवसांच्या वर पाणी ठेवलं तर उसाचीच मुळं गुदमरतील.

रासायनिकचं आता सांगतो. तुम्ही दोनदा टाकलेलं दाणेदार औषध फोरेट होतं का ते पाकिटावर बघा. फोरेटवर आपल्या देशात 31 डिसेंबर 2020 पासून विक्री आणि वापर दोन्हीला बंदी आहे, आणि ते माणसाला अतिशय विषारी आहे, कुणी जुना माल स्वस्तात देत असेल तर हातही लावू नका, घरी उरलं असेल तर मुलांच्या, जनावरांच्या आणि विहिरीच्या आसपास ठेवू नका, तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याला विचारून त्याची विल्हेवाट लावा. उसातल्या हुमणीसाठी लेबलवर असलेलं एक औषध म्हणजे इमिडाक्लोप्रिड 40 टक्के अधिक फिप्रोनिल 40 टक्के हे एकत्र दाणेदार पावडरचं, हेक्टरी 437 ते 500 ग्रॅम, म्हणजे एकरी 175 ते 200 ग्रॅम, पाचशेच्या आसपास लिटर पाण्यात, आणि ते पानांवर फवारायचं नाही, बुंध्याशी मुळाजवळ आळवणी करायची. पंपाचा नोझल काढून बेटाच्या दोन्ही बाजूंना धार सोडायची, वाफसा असताना, मग हलकं पाणी. हे जुलै ते ऑगस्टच्या सुरुवातीला केलं तर खूप फरक पडतो. आत्ता सप्टेंबरमध्ये सगळ्या तीन एकरांवर करू नका, फक्त पिवळ्या पट्ट्यात आणि त्याच्या भोवतीच्या चार-पाच सऱ्यांमध्ये करा, पसरणं थांबवण्यापुरतं. हातमोजे, तोंडाला मास्क, अंगभर कपडे, आणि हे मिश्रण विहिरीच्या, ओढ्याच्या, नदीच्या काठाजवळ नाही म्हणजे नाही. दोन्ही औषधं मधमाश्यांना फार घातक आहेत, फिप्रोनिल तर पाण्यातल्या जिवांनाही, आणि तुमचं रान नदीकडे उतरतंय.

ज्या रानात एवढी हुमणी आहे तिथे पुढचा खोडवा ठेवू नका. खोडवा-निडवा ठेवत गेल्यामुळे जमीन वर्षानुवर्षं हलत नाही आणि हुमणीला तेच हवं असतं, तुमच्याकडे खालच्याच तुकड्याला फटका बसलाय यात मला काही नवल वाटत नाही. ऊस तुटला की लगेच, शक्य तितक्या लवकर, दोनदा उभी-आडवी नांगरट करा. लोक नांगरट एप्रिल-मेवर ढकलतात, तेव्हा भुंगेरे आणि कोष बरेच खोल असतात, काही वर येतात पण सगळे नाही. तोड लवकर झाली तर अळ्या अजून वरच्या थरात असतात आणि नांगरामागे बगळे, कावळे, मैना रांगेने चालतात, ते फुकटचे कामगार आहेत, त्यांना हाकलू नका, आणि नांगरट सकाळी किंवा संध्याकाळी करा, भर उन्हात पक्षी कमी येतात. ढेकळं फुटली की रोटाव्हेटर मारा, त्याच्या पात्यांनी पण बऱ्याच अळ्या कापल्या जातात. मग एक हंगाम ऊस सोडून दुसरं काही घ्या, सूर्यफूल चालेल, भाताची सोय असेल तर पाणी साचवून भात सगळ्यात चांगला. भुईमूग मात्र हुमणीला फार आवडतो, त्याचा उपयोग उलटा करा. उसाच्या कडेने किंवा मध्ये मध्ये भुईमुगाच्या किंवा तागाच्या ओळी सापळा म्हणून लावा, जे झाड कोमेजलं त्याच्याखाली लगेच उकरून अळी मारा. मुख्य पीक म्हणून भुईमूग घेणार असाल तर क्लोरपायरीफॉस किंवा इमिडाक्लोप्रिडची बीजप्रक्रिया लेबलप्रमाणे करा, आधी रासायनिक, ते सुकल्यावर मग रायझोबियम, उलटं केलं तर जिवाणू मरतात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे एकट्याने होत नाही. भुंगेरा उडतो. तुम्ही तुमच्या साडेतीन एकरात कितीही केलंत आणि शेजारच्या पंधरा एकरात काही झालं नाही तर पुढच्या जूनमध्ये परत तेच. बांधावरच्या बाभळी आणि रस्त्याकडचे कडुनिंब कुणी तोडायला सांगेल, तोडू नका. तीच झाडं तुमचे सापळे आहेत, भुंगेरे रात्री कुठे जमणार हे आधीच ठाऊक असणं यापेक्षा मोठी सोय नाही. शिफारशीप्रमाणे कडुनिंब-बाभळीच्या झाडावर सरासरी 20 किंवा जास्त भुंगेरे दिसले की सामुदायिक मोहीम घ्यायची. संध्याकाळी आठच्या सुमारास झाडाखाली ताडपत्री पसरून आकडी लावलेल्या लांब काठीने फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. सलग तीन-चार आठवडे, प्रत्येक चांगल्या पावसानंतर. झाडांवर कीटकनाशक फवारायचा सल्ला पण मिळेल, मी तो शेवटचा ठेवतो, झाड फुलात असेल तर अजिबात नाही, मधमाश्या मरतात आणि खाली चरणाऱ्या शेळ्यांना त्याच फांद्या तोडून घातल्या जातात त्याचं काय? काठी आणि ताडपत्रीने काम होतं, फक्त माणसं लागतात. एक मादी अंडी घालायच्या आधी मेली की पन्नास अळ्या कमी झाल्या, हे एवढं गणित शेजाऱ्यांना सांगा, बहुतेक जण तयार होतात. सोसायटीच्या किंवा पाणीपुरवठा संस्थेच्या मीटिंगमध्ये मेमध्येच विषय काढा, पाऊस पडल्यावर काढलात तर पहिले आठ दिवस, जे सगळ्यात मोलाचे असतात, ते ठरवण्यातच जातात.

लॉनवर जमिनीलगत घिरट्या घालणाऱ्या काळ्या, केसाळ गांधीलमाश्या दिसल्या तर फवारा मारू नका. त्या हुमणीच्या अळीला मातीत जाऊन शोधतात, डंख मारून लुळी करतात आणि तिच्यावर अंडं घालतात. त्या माणसाच्या वाटेला जात नाहीत.

या आठवड्यात करायचं ते असं: लॉनच्या कडा उकरून मोजणी, अळ्या वेचणं, पाऊस उघडला की संध्याकाळी ईपीएन. उसात पिवळ्या बेटांची खुदाई आणि तेवढ्याच पट्ट्यात आळवणी किंवा पाणी तुंबवणं, दोन्ही एकाच जागी एकदम नको, पाण्याने औषध वाहून जातं. कंपोस्टच्या खड्ड्यावर झाकण आणि फरशीवर अळ्यांची परीक्षा. वरच्या अडीच एकरात अजून काही दिसत नसेल तरी दर पंचवीस-तीस सऱ्यांमागे एक बेट उकरून बघा. तिथे अळी सापडली आणि आकाराने अजून लहान असेल तर मला मोजमाप आणि फोटो पाठवा, त्या भागाचा निर्णय वेगळा घ्यावा लागेल.